सागवानी सज्जाला पॉलिश करण्यापूर्वी

प्रश्न : सोलापुरातील आमच्या जुन्या वाड्याला अंगणाच्या बाजूने सागवानी फळ्यांचा उघडा सज्जा आहे. त्यावरील व्हार्निशचे पापुद्रे सुटत असून खिळ्यांभोवती काळे डाग पडले आहेत, आणि कठड्यावर जुना तेलरंग आहे. दिवाळीपूर्वी वरून नवा हात मारून घ्यावा, असे सुतार म्हणतात. आपला सल्ला काय?

उत्तर : वरून हात मारून घेऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगू. नवा थर लाकडाऐवजी सुटलेल्या पापुद्र्यांना धरतो आणि पावसाचे पाणी आत शिरले की त्यांच्यासकट निघून येतो. दिवाळीचीही घाई करू नये. सोलापुरात परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्येही पडतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या कामाला अधिक योग्य.

प्रथम फळ्या, विशेषतः भिंतीत शिरलेली त्यांची टोके, टोच्याने तपासावीत. टोच्या सहज आत गेला, तर तिथे कूज किंवा वाळवी आहे आणि ती फळी बदलणेच भाग आहे.

कठड्याच्या बाबतीत मात्र फार जपावे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगात शिसे आहे असेच धरून चालावे. तो कोरडा न घासता वॉटर पेपरने ओलाच घासावा, मास्क लावावा, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे आणि खालच्या अंगणात वाळवण असेल तर ते आधी उचलावे.

काळे डाग म्हणजे साधा मळ नव्हे. सागातील टॅनिन (लाकडातले नैसर्गिक तुरट द्रव्य), खिळ्यांचे लोखंड आणि पाणी यांच्या संयोगातून ते तयार होतात व खोलवर मुरतात, म्हणून नुसत्या घासण्याने जात नाहीत. कॉस्टिक सोड्याने तर साग आणखी काळवंडतो. जुने व्हार्निश पूर्ण खरवडून काढावे, गंजके खिळे उपसून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवावेत आणि मगच प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ते द्रावण डागापुरते नव्हे, तर संपूर्ण फळीवर लावावे, म्हणजे रंग एकसारखा येतो. हे ॲसिड विषारी असल्याने हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहेत. नंतर फळी दोन-तीनदा धुवावी, पण बोअरच्या जड पाण्याने नव्हे. त्यातील कॅल्शियममुळे पांढरट थर बसतो. तारेचा ब्रशही वापरू नये, कारण त्याचे लोखंडी कण लाकडात अडकून तेच डाग पुन्हा उमटवतात.

फळ्या वाळल्यावर रेषांच्या दिशेने आधी ६० व मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासाव्यात. तेल मुरवायचे असेल, तर याहून बारीक कागद नको, कारण फार गुळगुळीत पृष्ठभाग तेल कमी शोषतो. भुसा पूर्ण झाडून घेतल्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहावेत : ते मोत्यासारखे वरच राहिले, तर जुने व्हार्निश शिल्लक आहे आणि तेवढा भाग पुन्हा घासावा, काही मिनिटांत जिरले, तर पाणी वाळू देऊन पहिला हात द्यावा.