उचल नको, बिदागी सांगा

"मॅडम, यांना झोपच येत नाही," बायको सांगत होती. तो गप्प होता.

२०२२ च्या दिवाळीनंतर हे जोडपं राजगुरुनगरला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे लिहायला त्याची परवानगी आहे.) वय एकतीस. चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेलं काम, बारा तासांची पाळी. बायको बोलत असताना त्याच्या उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालू होती. घाबरून टकटक करणारी माणसं मी रोज बघते, पण ही बोटं तशी चालत नव्हती. एक बोट थांबायचं, दुसरं दोनदा पडायचं, मध्येच डावा तळवा मांडीवर घासत पुढे जायचा. माझं लक्ष गेलंय हे कळताच त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"काय वाजवता?" मी विचारलं.

"वाजवायचो," तो म्हणाला.

तमाशाच्या फडात दहा हंगाम ढोलकी. वडीलही ढोलकीवालेच. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, पण खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांची. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, खेळांच्या सुपाऱ्या ठरतात. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता आणि देशातला लॉकडाऊन सुरू झाला तोही त्याच दिवशी. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला, तर दुसऱ्याच दिवशी राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. दोन चैत्र असे कोरडे गेले. त्याच काळात वडील वारले. ढोलकी त्यांच्याच धोतरात गुंडाळून माळ्यावर गेली आणि हा कंपनीत लागला. २०२२ च्या पाडव्याला निर्बंध उठले, फड पुन्हा निघाले, पण हा गेला नाही. आता फडमालकाचा फोन आला होता: "ये पोरा, चाळीस हजार उचल देतो." तेव्हापासून झोप उडालेली.

अशा वेळी मी आधी कलेबद्दल बोलत नाही. झोप, भूक, रडू हे विचारते. जगण्याचा कंटाळा आलाय का, मरावंसं वाटलं का, हेही सरळ विचारते. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट माणूस सुटकेचा श्वास टाकतो. त्यालाही २०२१ च्या पावसाळ्यात तसं वाटून गेलं होतं, बायकोला माहीत नव्हतं. म्हणून पहिलं काम मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देण्याचं केलं. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दोघांच्या फोनमध्ये टाकून दिला. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

मग तो प्रश्न आला, जो माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक कलावंत वेगवेगळ्या शब्दांत विचारतो. पुण्यात नाटक करणारा मुलगा विचारतो, चित्रं काढणारी मुलगी विचारते, त्यांच्या आया तर माझ्या दारात उभ्या राहून विचारतात. त्यानं तो असा विचारला: "मॅडम, असल्या दिवसांत ढोलकीचं नाव काढणं म्हणजे घरच्यांच्या पोटावर पाय देणंच ना?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण या प्रश्नात भूक असते, पण नुसती भूक नसते.

हे मला दुसऱ्या भेटीत कळलं, आणि ते माझ्याच चुकीमुळे. घरातल्या भांडणाविषयी तो सांगत होता आणि मी बोलून गेले, "म्हणजे घरात बराच तमाशा झाला." त्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं म्हणाला, "कंपनीत सुपरवायझर रोज ओरडतो, इथं तमाशा करू नका. पोरं भांडली तरी तमाशा, मशीन बंद पडलं तरी तमाशा. माझ्या बापानं आयुष्य घातलं त्यात. मी तिथं सांगितलंच नाही मी कोण ते." मी त्याची माफी मागितली. आपली भाषा एका अख्ख्या कलेचं नाव शिवीसारखं वापरते आणि आपल्याला ते ऐकूही येत नाही. तो शब्द मी त्यानंतर त्या अर्थानं वापरलेला नाही.

म्हणजे झोप उडवणारी गोष्ट फक्त चाळीस हजारांची नव्हती. ढोलकी सोडली तर बापाला सोडल्यासारखं, धरली तर बायको-मुलीला लाज आणल्यासारखं. या चिमट्यात माणूस अडकला की त्याला "मन घट्ट कर, उडी मार" म्हणणं क्रूर आहे. आपल्याकडे कलावंताच्या धाडसाचे दाखले फार भयंकर आहेत. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: खेळ चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, उभ्या राहिल्या. त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, त्यांच्या नावानं आज सरकार जीवनगौरव देतं. पण त्याच बाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ मध्ये त्या गेल्या. बाळंतिणीला बोर्डावर उभं राहावं लागलं यात त्यांची थोरवी आहेच, पण आपली सगळ्यांची नामुष्कीही आहे. ती गोष्ट कोणाच्या हिमतीची मोजपट्टी म्हणून सांगू नये असं मला तळमळीनं वाटतं. त्यानंही ती सांगितली होती, वर म्हणाला, "आणि मी कंपनीत बसलोय." मी म्हटलं, "तुम्ही घर चालवलंत. ढोलकीवाला जिवंत राहिला म्हणून तर आज हा प्रश्न विचारतोय."

तिसऱ्या भेटीला एकच काम दिलं. ढोलकी खाली उतरवायची. वाजवायची नाही, फक्त दिसेल अशी ठेवायची. पुढच्या आठवड्यात आला तो रागावूनच. "उंदरांनी एका बाजूचं चामड्याचं पान खाल्लंय." मला आतून बरं वाटलं, कारण इतक्या दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. दोन दिवसांच्या हजेरीचे पैसे घालून त्यानं नवं पान बसवून आणलं. बायको सांगत होती, रात्री मुलगी झोपल्यावर नुसता दोरी ओढून चढवत बसतो, टिपेला आली की उतरवून ठेवतो.

मग आम्ही तिघं कागद घेऊन बसलो. कलेच्या प्रश्नावर बोलताना आकडे काढले की लोकांना ते रुक्ष वाटतं, पण माझा अनुभव उलटा आहे. भीती मनात असते तेव्हा तिला माप नसतं, कागदावर उतरली की तिला शेवट येतो. घरखर्च महिना साडेसतरा हजार. दवाखान्याचं कर्ज किती, शाळा किती. त्या कागदावर उचलही तिच्या खऱ्या रूपात दिसली. उचल म्हणजे फडमालकानं हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. ती फिटेपर्यंत कलावंत त्या फडाला बांधलेला. मालकही बहुतेक वेळा ती सावकाराकडून आणून देतो, म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण चाळीस हजार घेतले की सात महिने नाही म्हणायची सोय संपते.

तेव्हा बायको म्हणाली, आणि हे तिचंच श्रेय: "यांना कंपनीत दर सात महिन्यांनी ब्रेक देतात. तो ब्रेक चैत्रात पडला तर?" ठेकेदार कामगाराला मध्ये काही दिवस घरी बसवतात, त्याला ब्रेक म्हणतात. ज्या गोष्टीची दोघांना धास्ती होती, तिच्यातच जागा निघाली.

आता खरं अवघड काम होतं. ठेकेदाराला विचारायचं आणि मालकाला सांगायचं. मी समोरच्या खुर्चीत मालक होऊन बसले. "बोला." तो उठून उभाच राहिला. मालकासमोर बसायची सवय नव्हती. पहिल्यांदा म्हणाला, "तुम्ही द्याल ते घेईन." दुसऱ्यांदा आकड्यापर्यंत आला आणि आवाज गिळला. आम्ही पाणी प्यायलो. तिसऱ्यांदा खाली बसला, हात मांडीवर उघडे ठेवले आणि म्हणाला, "मालक, उचल नको. खेळावर बिदागी सांगा. पाडव्यापासून महिनाभर येतो." मग त्यानं आकडा सांगितला. सांगून झाल्यावर घामानं डबडबला होता. हजार माणसांसमोर निर्धास्त वाजवणारा हा माणूस, स्वतःच्या कामाची किंमत सांगताना थरथरत होता.

खऱ्या मालकानं घासाघीस केली, दोनशे कमी केले आणि हो म्हणाला.

जे वाचक आपल्यासाठी किंवा आपल्या मुलासाठी हा प्रश्न घेऊन बसले असतील, त्यांना मी नोकरी सोडा असंही म्हणणार नाही आणि कला सोडा असंही नाही. वाद्य, कुंचला, संहिता जे असेल ते माळ्यावरून खाली आहे का, एवढं आज बघा. आणि तुमच्या कामाचा आकडा तुम्ही शेवटचा मोठ्यानं कधी उच्चारलात, तेही आठवा. औषधाची गरज असेल तर औषध घ्या, त्यानं कला मरत नाही.

२०२३ च्या चैत्रात त्यानं एकोणीस खेळ केले. वैशाखात भेटायला आला तेव्हा बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या आणि तो परत कंपनीत रुजू झाला होता. दवाखान्याचं कर्ज अजून होतंच, निम्मं. कंपनीत एकाला सांगितलं म्हणाला, फक्त एकालाच. त्या पोराचा चुलता फडात सोंगाड्या होता असं निघालं.

जाताना पुढची तारीख मागितली. "दसऱ्याच्या आधीची द्या. मालक पुऱ्या हंगामाचं विचारतायत." आणि बायकोकडे बघून म्हणाला, "या खेपेला समोरच्या खुर्चीत हिला बसवा. हिला अजून विचारलेलं नाही."