म्हाताऱ्या लॅब्राडोरचा गुडघा: ऑपरेशन न करता किती सावरतो?

तुमची लॅब ११ वर्षांची, ३६ किलोची, मागच्या उजव्या गुडघ्याचं क्रूशिएट लिगामेंट (सांध्यातली हाडं जागेवर धरणारा चिवट बंध) तुटलेलं, आणि किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टर भूल द्यायला कचरताहेत. ऑपरेशन न करता ती नीट चालेल का, असं विचारलंय. चालू शकेल. पण तुटलेलं लिगामेंट परत जुळत नाही, हे आधी लक्षात घ्या. सांध्याभोवती हळूहळू जाड, चिवट ऊतक धरतं आणि गुडघा थोडा आखडून स्थिर होतो. काही आठवड्यांनी आतल्या बाजूला टणक फुगवटा हाताला लागेल, तो त्याचाच. याला दोन-तीन महिने सहज जातात. तोवर गुडघ्याला हिसका बसू द्यायचा नाही.

मोठ्या कुत्र्यांचं ऑपरेशनशिवाय काही खरं नाही, असं तुमच्या कानावर आलं असेलच. ते उगाच नाही. १९८४ च्या एका अभ्यासात १५ किलोपर्यंतची बहुतेक कुत्री ऑपरेशनशिवाय सुधारली होती, त्यावरच्या वजनाची मात्र जेमतेम पाचातलं एक. २०१३ मध्ये २० किलोंवरच्या लठ्ठ कुत्र्यांवर झालेला अभ्यास जास्त धीर देणारा आहे. त्यात वजन उतरवणं, फिजिओथेरपी आणि वेदनाशामकं एवढ्यावर ठेवलेल्यांपैकी वर्षाअखेर सुमारे ६४ टक्के समाधानकारक होती. सोबत टीपीएलओ, म्हणजे गुडघ्याखालचं हाड कापून नव्या कोनात प्लेटने बसवायचं ऑपरेशनही केलेल्यांपैकी ७५ टक्के. ऑपरेशन सरस ठरलंच, पण भूल धोक्याची असेल तर दुसरी वाट अगदीच बंद नाही.

मात्र त्या ६४ टक्क्यांत यायचं तर वजन उतरलंच पाहिजे. सांधेदुखीच्या लठ्ठ कुत्र्यांत वजन ६-७ टक्के घटलं तरी लंगडणं कमी होतं. तुमच्या लॅबच्या बाबतीत हे जेमतेम सव्वादोन-अडीच किलो. चहाबरोबरचं बिस्कीट, पोळीचे तुकडे, आजी गुपचूप देतात तो दूधभात, सगळं बंद. घरातल्या माणसांना आवरणं कुत्रीपेक्षा अवघड, हे मान्य! रोजचं खाणं वाटीने न मोजता काट्यावर मोजा. किडनीमुळे कोणतं खाणं चालेल, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पहिले सहा-आठ आठवडे एका छोट्या खोलीत किंवा आडोसा करून ठेवा. शी-शूसाठी पट्ट्यावर पाच मिनिटं, तेवढंच. सोफा, जिना, बेल वाजली की दाराकडे धाव, सगळं बंद. लिफ्ट नसेल तर पोटाखालून जाड टॉवेल घालून मागचा भार तुम्ही उचला. गुळगुळीत टाइल्सवर तिचा पाय घसरतो, तेव्हा तिच्या वाटेवर रबरी मॅट किंवा जुन्या योगा मॅट अंथरा, नखं आणि पंजातले केस कापत राहा.

खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. दुखणं कमी होतं, ती पाय टेकते, शेपूट हलवत दारात उभी राहते आणि आपण विरघळतो. गुडघा तेव्हा अजून सैलच असतो. पट्टा सोडू नका.

ते सहा-आठ आठवडे संपल्यावर मात्र नुसतं बसवून ठेवणंही वाईट, कारण मांडी भराभर वाळते. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सपाटीवर अगदी सावकाश चाल, म्हणजे तिला चारही पाय टेकावेच लागतात. दर आठवड्याला दोनेक मिनिटं वाढवा. पुढे सरळ बसून उठणं, हलका चढ. पाण्यातला ट्रेडमिल जवळपास कुठे मिळाला तर उत्तमच. दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजून लिहून ठेवा. डोळ्यांना न दिसणारी सुधारणा किंवा घसरण त्यात कळते. ब्रेसवर, म्हणजे गुडघ्याला बाहेरून बांधायच्या आधारावर, मी तरी आधी पैसे घालणार नाही. त्याचा ठोस पुरावा कमी आहे, आणि आपल्या दमट हवेत खाली कातडी सोलवटते.

औषधांचं नीट ऐका. कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम ही नेहमीची वेदनाशामकं किडनीवर ताण आणतात, त्यामुळे गॅबापेंटिनसारखा पर्याय द्यायचा का हे डॉक्टरांनीच ठरवायचं. घरातली कॉम्बिफ्लाम, ब्रूफेन किंवा डायक्लोफेनॅक तर चुकूनही नाही.

चांगली सुधारत असताना ती अचानक पुन्हा तीन पायांवर आली, किंवा गुडघा वाकवताना टक् असा आवाज यायला लागला, तर मेनिस्कस (गुडघ्यातली गादीसारखी कूर्चा) फाटला असण्याची शंका घ्या. तो घरी बरा होत नाही, लगेच दाखवा. आणि डाव्या पायावरही नजर ठेवा. कुत्र्यांत हे लिगामेंट बहुधा आधीपासूनच झिजत आलेलं असतं, म्हणून जवळपास निम्म्या कुत्र्यांचा दुसरा गुडघाही पुढेमागे जातो. बसताना ती डावा पाय बाजूला फेकून बसायला लागली, तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका.