दहा खोटी अक्षरं

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि प्रबंधाचा आराखडा मिळाला. दोनदा वाचला. आजच्या चिनी कलेवर लिहायचं ठरवलंस याचा मला मनापासून आनंद झाला. शेजारच्या एवढ्या मोठ्या देशातली माणसं आज काय रंगवतात, काय कोरतात, दारावर काय चिकटवतात, याची चौकशी आपल्याकडे फारच थोडे करतात.

पण आराखड्याचं पहिलं वाक्य खोड. ‘चिनी कलावंत शू बिंग यांचं “आकाशातलं पुस्तक” म्हणजे सत्तेविरुद्धचा निषेध.’ हे वाक्य शेवटच्या पानावर कदाचित परत येईलही. आज मात्र ते तुला आयतं मिळालेलं आहे, आणि आयत्या वाक्यावर बांधलेला प्रबंध दुसऱ्या प्रकरणातच बसतो.

माझ्याकडूनही हीच चूक झाली आहे, म्हणून कळकळीने सांगते. परदेशातल्या एका संग्रहालयात ही कलाकृती मी पहिल्यांदा पाहिली. छताला झोळीसारखे लोंबणारे लांबच लांब छापील कागद, जमिनीवर उघडून मांडलेले ग्रंथ, भिंतींवरही मजकूरच मजकूर. मी शेजारची पाटी वाचली, अर्थ समजला असं मानलं आणि पाच मिनिटांत बाहेर पडले. घरी येऊन त्यावर लेखही लिहिला. त्या लेखात अक्षरांच्या घडणीबद्दल एक ओळ नव्हती. उभी हयात अक्षरं शिकवण्यात घालवणाऱ्या बाईने हे करावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता काम कसं झालं ते बघ. 1987 मध्ये शू बिंग यांनी नासपतीच्या लाकडाचे छोटे ठोकळे घेतले आणि त्यांवर एकेक अक्षर उलटं कोरायला सुरुवात केली. आपल्या जुन्या छापखान्यात खिळे असायचे ना, तसेच हे लाकडी खिळे. कोरता कोरता ते चार हजारांच्या आसपास गेले. चिनी अक्षरांचे खरे अवयव घेऊन, खऱ्या कोशाची शिस्त पाळून, त्यांनी अर्थ नसलेली अक्षरं रचली. मग खिळे जुळवून पानं छापली, जुन्या पद्धतीने शिवून चार खंडांचा ग्रंथ केला. समास, टीपा, अनुक्रम, सगळं जिथल्या तिथे. वाचता मात्र कुणालाच येत नाही, चिनी माणसालाही नाही. चिनीत अगम्य लिखाणाला ‘त्येनशू’ म्हणतात, म्हणजे आकाशातलं पुस्तक. कलाकृतीचं आधीचं नाव वेगळं आणि लांबलचक होतं. लोकांनी हे नाव दिलं आणि तेच टिकलं.

आता भिंग घे. ही अक्षरं ज्या घाटात आहेत त्याला सुंग घराण्याचं नाव आहे, पण तो पक्का झाला त्यानंतर, मिंग घराण्याच्या काळात. त्यात आडव्या रेघा बारीक, उभ्या जाड आणि आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला छोटा त्रिकोण. का? लाकडाचे तंतू आडवे धावतात. तंतूंच्या दिशेने जाणारी रेघ बारीक ठेवली तरी टिकते. तंतू कापत जाणारी उभी रेघ बारीक ठेवली, तर छापताना तिचा टवका उडतो, म्हणून ती जाड. आपल्या बोरूच्या तिरक्या कापाने देवनागरीला जाडबारीकपणा दिला, तसा तिथे छापील अक्षराला तो लाकडाने दिला. या घाटात लिहिणाऱ्या माणसाचा हात दिसत नाही, म्हणूनच शू बिंग यांनी तो निवडला. झोकदार हस्ताक्षरात खोटी अक्षरं काढली असती, तर लोकांनी ती कलावंताची लहर मानली असती. छापील सुंग घाट बघितला की वाचणारा आपोआप विश्वास ठेवतो. वर्तमानपत्र, सरकारी परिपत्रक, शाळेचं पुस्तक, सगळं त्यातच आलेलं असतं.

या माणसाचं अक्षरांशी नातं कसं जडलं, तेही शोध. जन्म 1955 चा, चोंगछिंगचा, वाढले बीजिंगमध्ये. आई पेकिंग विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र विभागात. वाचता येत नव्हतं तेव्हापासून आजूबाजूला पुस्तकं. शाळेत जायच्या सुमाराला सरकार अक्षरं सोपी करत होतं. पुढे 1977 मध्ये सोपेपणाची आणखी एक फेरी आली आणि 1986 मध्ये ती मागे घेतली गेली. गिरवलेलं अक्षर एखाद्या आदेशाने चुकीचं ठरतं आणि दुसऱ्या आदेशाने पुन्हा बरोबर होतं, हे त्या पिढीने बोटांनी अनुभवलं. माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत भिंतीवरची मोठ्या अक्षरांची पत्रकं त्यांनी लिहिली. 1974 ते 77 खेड्यात शेतीवर पाठवलं, तिथेही गावच्या सायक्लोस्टाइल अंकाची अक्षरं काढली. गावाकडे एक रीत असते: भरभराट यावी म्हणून चार अक्षरांचं शुभवचन एकाच अक्षरात गुंफून कागदावर काढायचं. असं अक्षर कुठल्याच कोशात नसतं, पण घरोघरी कळतं. या प्रथेपाशी थांब. ‘लोकसंस्कृती’ या तुझ्या तिसऱ्या प्रकरणाला खरा मजकूर इथे मिळेल.

ऑक्टोबर 1988 मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात हे काम पहिल्यांदा मांडलं गेलं. काही वयस्कर अभ्यासक पुन्हा पुन्हा येत, एखादं तरी खरं अक्षर सापडेल म्हणून शोधत राहत. फेब्रुवारी 1989 च्या मोठ्या नवकला प्रदर्शनातही ते होतं. जूनमध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन लष्कराने चिरडलं, त्यानंतर हवा पालटली आणि याच कामावर कडक टीका सुरू झाली. एका टीकाकाराने म्हटलं, हे तर ‘भुताने भिंतीला धडका देणं’ आहे. चकव्यात सापडून गोल गोल फिरण्याला तिकडे असं म्हणतात. शू बिंग यांनी तोच वाक्प्रचार उचलला आणि पुढच्या कामाला दिला: 1990 मध्ये जिनशानलिंगला चीनच्या भिंतीचा एक तुकडा त्यांनी कागद लावून, शाईने थोपटून ठशासारखा उतरवून घेतला. त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले. तेव्हा राजकारण यात आहेच, मुली. पण तिथपर्यंत लाकडाच्या वाटेने जा. आधीच निष्कर्षावर जाऊन बसलीस, तर त्या अभ्यासकांची तगमग तुला दिसणार नाही.

म्हणून एक काम देते. पुढचे पंधरा दिवस काही वाचू नकोस. लिनोलियमचे दहा तुकडे घे आणि देवनागरीची दहा खोटी अक्षरं कोर. अट एकच: लांबून बघणाऱ्याला ती खरी वाटली पाहिजेत. पहिली दोन-तीन फसतील, कारण तू काहीतरी विचित्र काढशील. मग कळेल की शिरोरेघ, दंड, गाठ आणि पोटाची गोलाई यांची मापं चोख असल्याशिवाय खोटं अक्षर कुणाला फसवत नाही. ‘ळ’ची दोन पोटं कशी सांधतात, ‘क्ष’ची गाठ कुठे वळते, हे तू आजवर बघितलेलंच नाहीस, हेही लक्षात येईल. चौथ्या-पाचव्या अक्षराला मनगट दुखायला लागेल. तेव्हा चार हजारांचा आकडा पुन्हा आठव.

कोरणं झालं की चिनी ‘युंग’ हे अक्षर कुंचल्याने गिरवायला घे. अर्थ ‘सदैव’. चिनी कुंचल्याचे आठ मूळ फटकारे या एका अक्षरात आहेत, म्हणून तिकडे त्यावरच हात बसवतात. नक्कल करण्याला तिथे कमीपणा नाही. जुन्या शिलालेखांचे ठसे समोर ठेवून वर्षानुवर्षं गिरवतात.

बीजिंगला गेलीस तर सकाळी लवकर स्वर्गमंदिराच्या बागेत जा. मी तिथे एका आजोबांना पाहिलं. काठीएवढा लांब कुंचला, टोकाला टोकदार स्पंज, शेजारी पाण्याची बादली. फरसबंदीवर ते पाण्याने जुनी कविता लिहीत होते, वरून खाली, उलट्या पावलांनी मागे सरत. शेवटची ओळ येईपर्यंत पहिली वाळून गेली होती. बघणाऱ्यांतल्या एका बाईंनी एक फटकारा चुकल्याचं सांगितलं. आजोबांनी मान डोलावली आणि शेजारच्या फरशीवर तेच अक्षर पुन्हा काढलं. संग्रहालयातलं काम ज्या मातीतून येतं ती माती ही. वसंतोत्सवाला दारावर ‘फू’, म्हणजे सुख, हे अक्षर मुद्दाम उलटं चिकटवतात, कारण ‘उलटं’ आणि ‘आलं’ हे दोन शब्द सारखेच ऐकू येतात. घराघरांत अक्षराशी असं खेळणारी ही माणसं आहेत.

वास्तुकलेवरचं प्रकरण मात्र कमी कर. वास्तुकार वांग शू यांचं निंगबो शहरातलं संग्रहालय घ्यायचंच असेल, तर भिंतीतल्या जुन्या कौलांवर लिही. पाडलेल्या गावांतली कौलं आणि विटा तिथे गवंड्यांनी पुन्हा रचल्या आहेत. वादळात पडलेलं घर हाती येईल त्या तुकड्यांतून उभं करायची ती तिथली जुनी पद्धत. त्यांना 2012 मध्ये मिळालेल्या प्रित्झकर या वास्तुकलेच्या पुरस्काराला एक ओळ पुरे.

दहा अक्षरं झाली की पोस्टाने पाठव. मोबाइलवर फोटो नको. कागदाच्या मागच्या बाजूला दाब किती उतरलाय, ते मला बोट फिरवून बघायचं आहे.

तुझ्या
बाई