खाल्ल्या मिठाचा माग

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल पोचली. ‘प्राचीन रोमवर प्रकल्प करायचाय, चांगले सोर्सेस सुचवा’ असं लिहिलं आहेस. अगं, हे वाण्याकडे जाऊन ‘किराणा द्या’ म्हणण्यासारखं झालं. तो काय देणार? यादी हवी ना. पण मेलच्या शेवटी तू सहज एक वाक्य टाकलं आहेस: रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा, त्यावरून ‘सॅलरी’ शब्द आला, अशा गमतीजमती प्रकल्पात घालणार आहेस. तुझा प्रकल्प त्या एका वाक्यात आहे. बाकीचं रोम तूर्त बाजूला ठेव.

हे वाक्य मी स्वतः वर्गात पंधरा-सोळा वर्षं सांगत होतो. पोरं खूश व्हायची. आपल्याला ते पटतंही पटकन, कारण खाल्ल्या मिठाला जागणं आपल्या भाषेत आधीपासून आहे. मग एका वर्षी मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “सर, हे लिहिलंय कुठे?” मी म्हटलं, “प्लिनीनं लिहिलंय.” “प्लिनीनं कुठे?” घंटा झाली म्हणून वाचलो. तोवर मी प्लिनी, म्हणजे त्या रोमन लेखकाचा ग्रंथ, उघडूनही पाहिला नव्हता. कुणाच्या तरी पुस्तकात वाचलं होतं, त्यानंही बहुधा तसंच कुणाच्या तरी पुस्तकात वाचलं असणार.

त्या ‘कुठे?’च्या मागे मी कुठे कुठे गेलो ते सांगतो. कपाटं आणि साइटी वाटेत येतील.

सुरुवात मराठी विश्वकोशापासून कर. इंटरनेटवर तो फुकट आहे आणि रोमचा सगळा पट आपल्या भाषेत एकदा डोक्यात बसतो. मग विकिपीडिया. तो वाईट नाही, फक्त खालून वर वाचायचा: आधी तळटिपा, मग मजकूर. लेखातलं वाक्य तुझ्या कामाचं नाही, त्या वाक्याला टेकू कशाचा दिलाय ते कामाचं. मिठाच्या गोष्टीखाली ‘प्लिनी, नॅचरल हिस्टरी, ३१.८९’ असं काहीतरी सापडेल.

हे आकडे पानांचे नाहीत. ज्ञानेश्वरीत आपण अध्याय आणि ओवी सांगतो, मग आवृत्ती कुठलीही असो, ओवी सापडते. तसंच हे. ३१वं पुस्तक, ८९वा परिच्छेद. ग्रीक-रोमन ग्रंथांचे संदर्भ सगळे असेच दिलेले असतात, आणि ही एक गोष्ट समजली की निम्मं काम झालं. प्लिनीत मात्र एक खोच आहे. त्याच्या ग्रंथाला दोन प्रकारचे क्रमांक आहेत, एक मोठ्या प्रकरणांचे आणि एक बारीक परिच्छेदांचे. मिठाची जागा एका पद्धतीनं ३१.४१ आणि दुसरीनं ३१.८९. मी ४१ आकडा घेऊन बारीक क्रमांकाच्या आवृत्तीत शिरलो. तिथे नळांचं आणि झऱ्यांचं पाणी, मिठाचा पत्ता नाही. अख्खी दुपार गेली.

पुस्तक हातात यायलाच त्याआधी दोन दिवस गेले होते. मी इतिहासाच्या कपाटात शोधत होतो आणि प्लिनी वनस्पतिशास्त्राच्या शेजारी बसला होता, कारण नावात ‘नॅचरल’ आहे! ग्रंथपालांची चूक म्हणवत नाही. ग्रंथालयांच्या ड्युई वर्गीकरण पद्धतीत रोमचा इतिहास ९३७ला, ग्रीसचा ९३८ला, लॅटिन साहित्य ८७०च्या घरात, ग्रीक ८८०च्या, नाणी ७३७ला, सैन्य ३५५ला. म्हणजे तुझा एक सैनिक इतक्या कपाटांत विखुरलेला आहे. क्रमांक कागदावर लिहून घे आणि ग्रंथपालांना सरळ सांग की मला हे वाक्य पडताळायचंय. ‘रोमवर काही आहे का’ विचारलंस तर शालेय विश्वकोश हातात पडेल. नेमकं विचारणारा वाचक आला की बहुतेक ग्रंथपाल खुर्चीतून उठतात, हा माझा अनुभव.

ग्रीक-रोमन ग्रंथांच्या लोएब मालिकेची पुस्तकं लांबूनच ओळखू येतात. लॅटिन लाल, ग्रीक हिरवी, डाव्या पानावर मूळ आणि उजव्यावर इंग्रजी. प्लिनी दहा खंडांत आहे, आपलं ३१वं पुस्तक आठव्यात. मुंबईला जाणं झालं तर टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत जा. १८०४ साली सुरू झालेली संस्था आहे, आणि त्या काळचा शिकलेला इंग्रज लॅटिन-ग्रीकवरच वाढलेला असे, त्यामुळे जुन्या संग्रहात ही पुस्तकं पाहायला मिळतात. पुण्यात डेक्कन कॉलेजचं ग्रंथालय आहे. जाण्याआधी फोन करून प्रवेशाचे नियम विचार, कॉलेजचं पत्र बरोबर ठेव.

घरबसल्या करायचं तर पर्सियस. टफ्ट्‌स विद्यापीठाची ही डिजिटल लायब्ररी फुकट आहे. तिच्यात प्लिनीचं लॅटिन आहे आणि बोस्टॉक व रायली यांचं १८५०च्या दशकातलं इंग्रजी भाषांतरही. लॅकसकर्टियस नावाची आणखी एक साइट आहे. दिसायला जुनाट, पण तिथला मजकूर मन लावून तपासलेला.

आता वाक्य काय आहे ते बघ. प्लिनी म्हणतो, मिठावाचून सुसंस्कृत जगणं नाही. मग म्हणतो की मानाच्या पदांशी आणि लष्करी सेवेशीही मिठाचा संबंध येतो, त्यावरूनच ‘सलारियम’ (तुझ्या ‘सॅलरी’चं मूळ) हे नाव पडलं. पुढे पुरावा म्हणून तो व्हिया सलारिया या रस्त्याचं नाव घेतो, ज्यावरून रोमशेजारच्या साबाइन लोकांकडे मीठ जात असे. संपलं. मिठाच्या पिशव्या घेऊन रांगेत उभे राहिलेले सैनिक यात कुठे आहेत?

इथे दोन भाषांतरं शेजारी ठेव. बोस्टॉक-रायलींच्या इंग्रजीत हे विजयी योद्ध्यांना मिळणाऱ्या मानाबद्दल आहे असं वाटतं, लोएबमध्ये ते पदं आणि सेवा यांबद्दल आहे. मूळ लॅटिन इतकं आवळून लिहिलंय की दोघांनी आपापल्या परीनं सैल केलंय. लॅटिन येत नसलं तरी भाषांतरं कुठे फुटतात ते तुला दिसेल, आणि ती जागा प्रकल्पात लिहिण्यासारखी असते.

जाता जाता प्लिनीबद्दल एक. त्याच्या ३७ पुस्तकांपैकी पहिलं पुस्तक म्हणजे अनुक्रमणिका आणि आपण कोणाकोणाचं वाचलं त्या लेखकांची यादी. दोन हजार वर्षांपूर्वी! इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात माणूस गेला, पण संदर्भसूची आधी देऊन गेला. तुझ्या वर्गातल्या किती जणांची सूची पूर्ण असते ते मला माहीत आहे.

मग मी शब्दाच्याच मागे लागलो. पर्सियसवर लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९चा लॅटिन कोश आहे. तो सरळ सांगतो की सलारियम म्हणजे मुळात सैनिकांना मिठासाठी दिलेले पैसे. झालं की सिद्ध! पण थांब. ग्रंथांत शब्द येतो कुठे ते पाहा. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या ‘अग्रिकोला’त (४२) तो प्रांताधिकाऱ्याच्या मानधनासाठी येतो. चरित्रकार स्विटोनियसच्या नीरोचरित्रात (१०) सम्राट नीरो गरिबी आलेल्या सिनेटरांना वार्षिक रक्कम लावून देतो, तिथे येतो. दोन्हीकडे मीठही नाही आणि साधा शिपाईही नाही. शिपायाच्या पगाराला रोमन लोक म्हणत ‘स्टिपेंडियम’, आणि हाच प्लिनी ३३व्या पुस्तकात त्या शब्दाचा संबंध धातू तोलण्याशी लावतो. इतिहासकार लिव्ही (४.५९-६०) सांगतो की सैनिकांना सरकारी पगार सुरू झाला तो आपल्या हिशेबानं इसवी सनपूर्व ४०६च्या सुमारास, आणि तेव्हा चांदीचं नाणं नसल्यामुळे लोकांनी त्यासाठीचा कर म्हणून जड तांबं गाड्यांत भरून खजिन्यात आणलं. गाड्या होत्या, पण तांब्याच्या.

शब्द शोधायला पॅकार्ड संस्थेची लॅटिन ग्रंथांची साइट वापर. एक शब्द टाकला की जुन्या लॅटिन वाङ्मयात तो जिथे जिथे आहे त्या ओळी समोर येतात. पूर्वी माणसं याला वर्षं घालवायची. मला थोडा मत्सर वाटतो, खोटं कशाला बोलू.

आणि आता माझ्या आवडीचा कागद. ग्रंथकार बोलायचं ते बोलतात, हिशेबाच्या कागदाला बोलायची हौस नसते. इजिप्तच्या कोरड्या हवेत पपायरस (लव्हाळ्याचे जुने कागद) टिकले, आणि त्यांतला एक आज जिनिव्हाच्या ग्रंथालयात आहे. इसवी सन ८१चा. त्यावर दोन सैनिकांची पगारपत्रकं आहेत. रॉबर्ट फिंक यांनी १९७१ साली रोमन सैन्याचे पपायरस एकत्र छापले, त्यात हा ६८वा. पपायरसांच्या नोंदींसाठी पपायरी डॉट इन्फो ही साइट आहे, तिथे क्रमांकावरून शोधत जायचं.

पहिल्या सैनिकाचं नाव प्रोक्युलस. पगार वर्षातून तीन हप्त्यांत. पहिला हप्ता २४८ द्राख्मा (तिथलं नाणं) जमा, आणि लगेच कपात सुरू: गवताचे १०, जेवणाचे ८०, बूट आणि पट्ट्यांचे १२, छावणीतल्या सॅटर्नेलिया सणाचे २०, कपड्यांचे ६०. एकूण १८२ गेले, ६६ उरले. आधीचे १३६ शिल्लक होते, मिळून २०२. दुसऱ्या हप्त्यात तो १४२ वाचवतो. तिसऱ्यात कपड्यांचेच १४६ कापतात आणि हातात शून्य. सणाची वर्गणीसुद्धा पगारातून! आपल्याकडच्या कुठल्याही कारकुनाला हा कागद दाखव, भाषांतराशिवाय कळेल.

यात मीठ नाही. पण ‘म्हणजे मीठ देतच नव्हते’ असं लिहू नकोस. जेवणाच्या ८० द्राख्मात ते असेलही. एका सैनिकाच्या एका वर्षाच्या कागदावरून एवढंच म्हणता येतं की इथे पगार पैशांत मांडलाय आणि मिठाचा वेगळा रकाना नाही. तेवढंच लिही.

राहिले आजचे संशोधक. जेस्टोर या शोधलेखांच्या साइटवर फुकट खातं उघडलं की महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. तुला पाच पुरतील. तुझं कॉलेज सरकारी असेल तर शोधपत्रिका वाचायला देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल ग्रंथपालांना विचार. २०२५च्या जानेवारीपासून ती योजना चालू आहे. एखादं पुस्तक भरवशाचं आहे का ते ब्रिन मॉर क्लासिकल रिव्ह्यूत पाहा. १९९०पासूनची परीक्षणं तिथे फुकट आहेत आणि परीक्षक एकमेकांची भीड ठेवत नाहीत. लेख पैशांच्या कुलपात अडकला असेल तर लेखकाला चार ओळींची मेल टाक. बहुतेक जण पीडीएफ पाठवतात. आपलं कुणीतरी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप असतं.

एक सावधगिरी. इंटरनेट अर्काइव्हवर ढीगभर पुस्तकं सहज उतरवता येतात, पण फुकट उतरतं ते बहुतेक हक्क संपलेलं, म्हणजे शंभर वर्षं जुनं. मूळ ग्रंथाचं भाषांतर म्हणून ते चालेल, मत म्हणून घेताना साल बघ. १८७९च्या कोशाचं काय झालं ते पाहिलंसच. चॅटबॉटला विचारायला माझी हरकत नाही, पण तो पुस्तकाचं नाव, पान आणि लेखक इतक्या आत्मविश्वासानं रचून सांगतो की मागच्या वर्षी दोन मुलांनी अस्तित्वात नसलेली पुस्तकं माझ्याकडे मागितली. त्यानं दिलेला आकडा घेऊन मूळ जागी जा. ओळ तिथे असेल तर ठीक, नसेल तर ते पुस्तक सूचीत येता कामा नये.

‘सॅलरी’चं इतकं चाललंय तर आपल्या ‘पगार’कडेही एकदा बघ. तो पोर्तुगीज ‘पागार’वरून आला, म्हणजे पैसे चुकते करणं. त्याच्या मागे लॅटिन ‘पाकारे’ आहे, शांत करणं, समजूत काढणं. महिनाअखेरीला ही व्युत्पत्ती मला मिठापेक्षा जास्त पटते.

आता तुझं काम. प्रोक्युलसच्या दुसऱ्या हप्त्यात एक छोटी कपात आहे, जी पहिल्या आणि तिसऱ्यात नाही: ‘निशाणांसाठी’ ४ द्राख्मा. पलटणीच्या निशाणांना शिपायाच्या खिशातले पैसे कशाला लागावेत? मी सांगत नाही. धागा तेवढा देतो: सैन्यावर लिहिणारा रोमन लेखक वेजेटियस, पुस्तक २, प्रकरण २०. तो कुठल्या कपाटात आहे ते तू शोध, आणि दोन भाषांतरं मिळाली तर दोन्ही घेऊन रविवारी घरी ये. सकाळी दहानंतर. त्याआधी मी बाजारात असतो.

तुझा,
सर