पीक आधी ठरव

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

कृषी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर परराज्यातील प्रयोगशाळेत भाताच्या जनुकीय संपादनावर पीएच.डी. करावी, की अकोल्यालाच राहून देशी कापसावर काम करावे, हा तुझा पेच पत्रावरून समजला. पत्रात तू यंत्रांची तुलना केली आहेस, शिष्यवृत्तीची केली आहेस, मार्गदर्शकांच्या शोधनिबंधांचीही केली आहेस. पिकांची तुलना मात्र कोठेच नाही. यवतमाळकडच्या पऱ्हाटीत वाढलेल्या मुलीच्या पत्रात ती नसावी, याचे मला नवल वाटले आणि थोडा रागही आला.

संशोधकाने आधी पीक ठरवावे; तंत्र मागून येते. माझ्या नोकरीच्या काळात आरएफएलपी आले, आरएपीडी आले, मग एसएसआर, एसएनपी ही डीएनएतले फरक ओळखण्याची तंत्रे, आणि आता जनुक संपादनाचे क्रिस्पर. ज्यांनी स्वतःची ओळख तंत्रावरून करून दिली, त्यांना ती दर काही वर्षांनी बदलावी लागली. ज्याला तूर कळत होती, त्याला यांतले प्रत्येक तंत्र तुरीसाठी वापरता आले.

बीटी कापसाचेच घे. २००२ साली आपल्याकडे परवानगी मिळाली ती क्राय१एसी या, झाडातच बोंडअळीला मारणारे विष तयार करणाऱ्या जनुकाला, आणि अमेरिकेतही तेच जनुक होते. तिकडे ते सरळ वाणांतून शेतात गेले, आपल्याकडे संकरित वाणांतून. संकरित झाडात जनुकाची एकच प्रत असल्यामुळे बोंडातील सरक्यांमध्ये ते विभागले जाते आणि सरासरी चारांतल्या एका सरकीत विष तयारच होत नाही. गुलाबी बोंडअळीचे अन्न म्हणजे ही सरकीच, त्यामुळे एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी असा दोन्ही घास मिळत राहिला. त्यात आपले संकरित वाण दीर्घ मुदतीचे, आणि ज्याच्याकडे ओलित आहे तो फरदड घेऊन पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवणारच, कारण त्या शेवटच्या वेचणीतून त्याचे देणे फिटते. त्याला दोष देणे सोपे आहे, मी देणार नाही. २००६ मध्ये दुसरे जनुक जोडले गेले, तरी २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केले हे तू घरीच पाहिले आहेस. जनुकाचा अभ्यास उत्तम झाला होता. ते ज्या पिकात जाणार, त्या पिकाचे बियाणे, मुदत आणि वावर यांचा झाला नव्हता. पीक आधी ठरव, असे मी पुन्हा म्हणतो ते यासाठी.

भातात संपादन सोपे जाते, असे तू लिहिले आहेस. खरे आहे, भाताच्या पेशीपुंजापासून अख्खे झाड सहज तयार होते. कापूस याबाबतीत हटवादी आहे. कोकर ३१२ या अमेरिकन वाणासारखे मोजकेच वाण ऊती संवर्धनात साथ देतात, आणि बीटीचे जनुकही मुळात त्याच वाणात घातले गेले होते. तेथून आपल्या वाणात गुण आणायचा तर बॅकक्रॉस, म्हणजे पुन्हा पुन्हा आपल्याच वाणाशी संकर, करत बसावे लागते. दर फेरीला परक्या वाणाचा उरलेला हिस्सा निम्मा होतो, आणि सहाव्या बॅकक्रॉसनंतर सरासरी ९९ टक्क्यांहून अधिक आपला वाण परत मिळतो. म्हणजे तंत्र कितीही नवे असले, तरी शेवटी वावरात काही हंगाम घालवावेच लागतात. सोपे म्हणून पीक निवडायचे नसते, मुली.

तुझ्याच वयात मी देशी कापूस धरला, तेव्हा सगळे संकरित अमेरिकन कापसाकडे धावत होते. देशीची गुणसूत्रे २६, अमेरिकनची ५२. दोघांचा संकर केला तर ३९ गुणसूत्रांचे वांझ झाड हाती येते आणि कोल्चिसीन या रसायनाने ती दुप्पट केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. या कामातून दरवर्षी शोधनिबंध निघत नाहीत. पदोन्नतीच्या एका मुलाखतीत एका वरिष्ठांनी मला 'तुम्ही अजून तिथेच?' असे विचारले होते, आणि त्या वर्षी पद दुसऱ्याला मिळाले. माझा एकही वाण मोठ्या क्षेत्रावर गेला नाही, याची खंत मला आहे; आखूड धागा आणि लहान बोंड यांवर मला पुरेशी मात करता आली नाही. परंतु तुडतुड्यांना दाद न देणारे, कमी पावसात तग धरणारे आणि ज्याचे बी शेतकऱ्याला घरी राखता येते असे पीक मी निवडले, ते योग्यच होते, असे मी त्या वरिष्ठांना आजही सांगेन. (हे तुला उद्देशून नाही, पण लिहून टाकले.)

भाताची ओढ खरोखर असेल, तर खुशाल जा. संपादित पिकांच्या काही प्रकारांना २०२२ मध्ये नियमांतून सूट मिळाली, २०२५ मध्ये दोन संपादित भातवाण जाहीर झाले, तेव्हा त्या क्षेत्रात काम भरपूर आहे. मात्र मग भाताचीच हो. नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल-३ या भातवाणाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या दिसल्या आणि त्यांतून एचएमटी वाण उभा राहिला. हे हळवे होऊन सांगत नाही; भाताची लोंबी नेहमी कशी असते हे ज्याला पाठ होते, त्यालाच वेगळी लोंबी ओळखता आली, एवढेच माझे म्हणणे आहे.

दोन्हीकडच्या मुलाखतींत मार्गदर्शकांना विचार, की पीएच.डी.च्या काळात शेतातले किती हंगाम मिळतील आणि संकरणाचे काम विद्यार्थी स्वतः करतात की मजूर. कापसात दुपारनंतर पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावायचा, हे काम पूर्ण हंगामभर स्वतःच्या हाताने केलेले विद्यार्थी ते तयार करतात का, हे अकोल्यातही विचार. तिथे आहे असे गृहीत धरू नकोस. उत्तरे मिळाली की मला लिही, आणि या वेळी पत्रात पिकाबद्दल निदान एक परिच्छेद असू दे.

तुझा,
सर