कॅट काढला तर पिकअप वाढतो, पण धूर कुठे जातो?

प्रश्न : मी सांगलीचा, वय 27. गेल्या दिवाळीत 2018 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस सेकंडहँड घेतली. एक ट्यूनर म्हणतोय, स्टेज टू करून टाक : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे कॅट (धूर साफ करणारा डबा) काढून सरळ डाउनपाइप (धूर खाली नेणारा पाइप) आणि वर रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं). टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) लवकर उठेल, आवाज खुलेल, चेक इंजिनचा दिवा लागणार नाही, पीयूसीचं तो बघून घेईल. अपार्टमेंटखालच्या पार्किंगमध्ये गाडी लावतो, आम्ही वरच पहिल्या मजल्यावर राहतो. काका, यात नुकसान नेमकं काय?

उत्तर : ट्यूनर पिकअपबद्दल खोटं बोलत नाही, हे आधी सांगतो. तुमच्या गाडीत कॅट टर्बोला लागूनच असतो आणि बाहेर पडणाऱ्या गॅसला तो थोडा अडवतोच. तो निघाला की टर्बो लवकर फिरतो आणि फरक पायाला कळतो. पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबलो. खाली पार्किंग, वर पहिला मजला.

2019 च्या जुलैची गोष्ट. कोल्हापुरात पाऊस नुसता कोसळत होता, म्हणून उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजचं शटर आम्ही अर्धं खाली ओढलं होतं. आत अशीच एक टर्बो पेट्रोल गाडी आयडलिंगवर चालू होती. मी लॅपटॉपवर आकडे बघत होतो. वीसेक मिनिटांनी मागे पाने पुसत बसलेला आमचा एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणाला, "मामा, डोकं गरगराय लागलंय." उभा राहायला गेला आणि तिथंच बसला, मग उलटी झाली. दोघांनी उचलून त्याला पावसात बाहेर आणला आणि रिक्षाने दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत पोरगा सावरला. धूर दिसत नव्हता, नाकाला झोंबेल असा वासही नव्हता. त्या गाडीचा कॅट मीच काढला होता. तो माळ्यावर पडून होता, त्याच आठवड्यात मजुरी न घेता परत बसवला. त्यानंतर एकही काढलेला नाही.

कॅट आतून पाहिलाय का कधी? मधमाश्यांच्या पोळ्यासारखं चिनीमातीचं पोळं असतं. छिद्रं चौकोनी, बहुधा एका चौरस इंचात चारशे ते सहाशे, भिंती कागदासारख्या पातळ. त्यांच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप. 250 ते 300 अंशांपर्यंत तापलं की काम सुरू. कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे आमच्या पोराला लागलेल्या त्या बिनवासाच्या विषारी गॅसचा, कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं पेट्रोल तिथे जळतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडचा साधा नायट्रोजन होतो. पोळं इतकं नाजूक की प्लगला वीज देणारी एक कॉइल मिसफायर करत (ठिणगी चुकवत) राहिली तरी वितळून त्याचा गोळा होतो. मुंबईसह चार महानगरांत 1995 साली नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला, तेव्हा मुंबईच्या गाड्या कोल्हापूरला आल्या की इथलं शिशाचं पेट्रोल भरायच्या आणि कॅट मरायचा. असे मेलेले कॅट मी या हातांनी काढलेत. शिशाचं पेट्रोल देशभर बंद व्हायला 2000 साल उजाडलं.

आता आकडे बघा. तुमच्या गाडीला पीयूसीत आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आत लागतो आणि 2500 आरपीएमच्या आसपास 0.2 च्या आत. तापलेला धडका कॅट असेल तर आकडा शून्याजवळ राहतो. कॅटशिवाय उत्तम ट्यूनिंगचं इंजिनही साधारण अर्धा ते एक टक्का सोडतं. म्हणजे "पीयूसीचं बघून घेतो" याचा अर्थ गाडीला नळी न लावता कागद मिळणार. कागद तुमच्या नावाचा, गॅस तुमच्या घराखालचा. थंड कॅट पहिला मिनिटभर फारसं काम करत नाही हेही खरं, म्हणून पार्किंगमध्ये गाडी तापवत उभं राहायची सवय असेल तर ती आजच सोडा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बदल करणाऱ्या मालकाला कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रदूषणाचं मानक मोडलं तर कलम 190(2) : 10,000 पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि लायसन्सही तीन महिने जातं. हे सगळं मालकावर येतं. शिवाय काढलेल्या कॅटचं भंगारवाला चांगले पैसे देतो. तो कुठे गेला, हे गिऱ्हाईक सहसा विचारत नाही.

230 पीएस आणि 350 न्यूटन मीटर असलेली गाडी आहे तुमची. तिला आधी तिची स्वतःची ताकद परत द्या : नवे प्लग, कॉइल तपासणी, एअर फिल्टर, डीएसजीचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल 60,000 किलोमीटरला बदललंय का ते बिलात बघा. सेकंडहँड गाडीत यातच बरंच अडकलेलं असतं. मग एकदा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर ट्रॅक डेला घेऊन जा.

आणि एक काम याच आठवड्यात करा. पहिल्या मालकाने कॅट आधीच काढलेला नाही ना, हे बघा. गाडी लिफ्टवर घ्या, स्कॅनर लावा आणि गरम इंजिनवर कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आकडा बघा. कॅट जिवंत असेल तर तो साधारण 0.6 ते 0.7 व्होल्टवर स्थिर राहतो. सतत वरखाली नाचत असेल तर खालून पाइप नीट तपासून घ्या. कॅट नसलाच, तर पहिल्या मालकाला फोन करून मूळ कॅट ठेवलाय का विचारा, आणि तो परत बसेपर्यंत गाडी इमारतीखाली लावू नका, बाहेर उघड्यावर लावा.