अमेरिकेच्या मिडवेस्टमधले शेतकरी खरंच श्रीमंत असतात का? त्यांचं घर, कुटुंब कसं असतं?

मी लातूर जिल्ह्यातला. घरी चार एकर, त्यात सोयाबीन. गेली सात वर्षं मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या, आयोवा राज्यात, एम्स गावाबाहेर राहतो. आमच्या मागच्या अंगणाला लागूनच शेजाऱ्यांचं मक्याचं रान आहे. ते 68 वर्षांचे. इथे सगळे त्यांना नावानेच हाक मारतात, मलाही त्यांनी तसंच सांगितलं होतं. माझ्या जिभेवर ते नाव येत नाही, मनात मी त्यांना काकाच म्हणतो. सगळ्या मिडवेस्टबद्दल बोलण्यापेक्षा या एका घराबद्दल सांगतो, ते मी जवळून पाहिलं आहे.

कागदावर पाहाल तर काका श्रीमंत आहेत. 2023 साली आयोवात शेतजमिनीचा सरासरी भाव एकरी 11,835 डॉलर होता आणि त्यांची स्वतःची जमीन 240 एकर. पण जमीन विकायचीच नसेल तर ते पैसे हातात येतात कुठे? आणखी 600 एकर ते खंडाने करतात. खंड एकरी पावणेतीनशे डॉलरच्या आसपास. मका एकरी 200 बुशेल पिकला (बुशेल म्हणजे साधारण 25 किलो) आणि भाव चार डॉलर मिळाला, तर एकरी 800 डॉलर आले. त्यातून खंड, बियाणं, खत, तणनाशक, डिझेल, विमा आणि बँकेचा हप्ता द्यायचा. नवीन हार्वेस्टर पाच लाख डॉलरच्या वर जातो, म्हणून काका जुनाच हार्वेस्टर हिवाळाभर शेडमध्ये उघडून बसतात. भाव ठरतो शिकागोच्या वायदेबाजारात. तिथे सोयाबीन पडलं की लातूरच्या अडतीवरही झळ बसते, हे मी सांगितलं त्या दिवशी ते तासभर माझ्या वडिलांच्या चार एकरांबद्दल विचारत राहिले. पाऊस किती, वाण कोणतं, खळं कसं करता, सगळं.

घर चालायचं काकूंच्या पगारावर. त्या 31 वर्षं नर्स होत्या. पगारापेक्षाही नोकरीतून मिळणारा आरोग्य विमा मोठा, कारण तो स्वतःच्या खिशातून घ्यायचा म्हटलं तर शेतीचं उत्पन्न त्यातच जाईल. आसपासच्या बहुतेक शेतकरी घरांत नवरा-बायकोपैकी एकजण बाहेर नोकरी करतोच. काकू रात्रपाळी करून यायच्या आणि सुगीच्या दिवसांत मका भरलेला ट्रक स्वतः चालवत न्यायच्या. ऑक्टोबरमध्ये रात्रीचं जेवण रानातच होतं. गाडीच्या मागच्या फळीवर भांडी मांडायची, हार्वेस्टर दहा मिनिटं थांबवायचा, जेवायचं, पुन्हा सुरू.

तुम्हाला वाटत असेल, एवढ्या रानात माणसं किती लागत असतील. दोन! सुगीत फार तर चार. मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं ते हेच एकटेपण. इथली जमीन सरकारने चौरस मैलांत आखली, 640 एकरांचा एक चौकोन, आणि त्याचे तुकडे वसायला आलेल्या कुटुंबांकडे गेले. (ती जमीन आधी मूळ रहिवाशांची होती, तेही सांगितलं पाहिजे.) काकांच्या लहानपणी मैलभरात तीन-चार घरं होती, आता त्यांचं एकटंच आहे. बाकीच्या घरांच्या जागी नुसती झाडं उरलीत. झाडांचा चौकोनी पुंजका दिसला की समजायचं, इथे कुणाचं तरी अंगण होतं.

ती घरं गेली 1980 च्या दशकात. आधी जमिनीचे भाव चढत होते, बँका आग्रहाने कर्ज देत होत्या. मग व्याजदर आभाळाला टेकले आणि आयोवात जमिनीचा सरासरी भाव 1981 मध्ये 2,147 डॉलर होता तो 1986 मध्ये 787 वर आला. काकांच्या वडिलांनी 1979 मध्ये कर्जावर घेतलेले 80 एकर गेले. लिलावात अवजारं विकली गेली तेव्हा बोली लावणारे शेजारीच होते. काका याबद्दल एकदाच बोलले, तेही हार्वेस्टरच्या केबिनमध्ये, समोर बघत. आत्महत्या तेव्हा इथेही झाल्या. मराठवाड्यातल्या माणसाला ते वाक्य पूर्ण करून सांगावं लागत नाही.

माणसं मात्र एकमेकांना धरून आहेत. तीन वर्षांपूर्वी ऐन सुगीत काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. एका शनिवारी सकाळी सात हार्वेस्टर रस्त्याला लागले, कुणी न बोलावता. संध्याकाळपर्यंत मका घरात होता. बायका चर्चच्या हॉलमध्ये स्वयंपाक करत होत्या. माझ्या बायकोने पातेलंभर पुलाव नेला, तो सगळ्यात आधी संपला.

आता पोरांचं. मुलगा डी मॉइनला विमा कंपनीत आहे, मुलगी मिनियापोलिसला शिक्षिका होती. आपल्याकडे वाटणीने शेताचे तुकडे होतात, तसे इथे झाले तर शेतीच संपते, कारण 120 एकरांवर ही यंत्रं परवडत नाहीत. एकालाच जमीन द्यावी तर दुसऱ्याचा वाटा रोखीने कुठून द्यायचा? दोन वर्षं या घरात हीच चर्चा चालू होती, वकील आणि हिशेबनीस येऊन जात होते. काका-काकूंमध्ये यावरून अबोलाही झाला. शेवटी जमिनीची एक कंपनी केली, मालकी दोन्ही पोरांच्या नावे आणि कसणार मुलगी. मुलगा त्याच्या वाट्याचा खंड घेणार, आणि तो बाजारभावापेक्षा कमी. मला हा तोडगा न्याय्य वाटतो. मुलाला तो पूर्ण पटलेला नाही, हेही मला माहीत आहे.

यंदा एप्रिलअखेर वाफसा आला तेव्हा पेरणीच्या ट्रॅक्टरवर मुलगी होती. काका बियाण्याचा ट्रक घेऊन बांधावर, म्हणजे रस्त्याच्या कडेला, उभे होते. पहिल्या ओळी थोड्या वाकड्या गेल्या. ते काही बोलले नाहीत, खाली उतरून बोटाने माती उकरली आणि बी किती खोल पडलंय ते बघत राहिले.